खिशातला फ्यूज

माझ्या बाच्या प्रत्येक शर्टाचा डावा खिसा फाटलेला असायचा. त्यात बिड्या नसायच्या, चष्मा नसायचा. त्यात असायचा पांढऱ्या चिनीमातीचा एक फ्यूज, लहान पेरूएवढा, डोक्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका असलेला. त्याच्या वजनानं आधी शिवण उसवायची, मग कापडच ओघळायचं. आई दर आठवड्याला तो खिसा शिवायची आणि शिवताना घरातल्या समस्त यंत्रांचा उद्धार करायची. पण 'हा दगड दुसरीकडं ठेवा' असं ती एकदाही म्हणाली नाही. फ्यूज खिशात आहे तोवर खांबावर चढलेला माणूस जिवंत खाली उतरणार, हे तिलाही ठाऊक होतं.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, इचोड्याहून बाजारहत्नूरकडं जाताना लागतं. म्हणजे लागतं असं आम्ही म्हणतो. बसमधल्या माणसाला डुलकी लागली असेल तर लागत नाही. बानं उमेदीची सगळी वर्षं भैंशाच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढली आणि परत येताना एक जुना लेथ घेऊन आला. घराला लागून टिनाचं छप्पर टाकलं, लेथ मांडला, ड्रिलिंग मशीन मांडलं. ट्रॅक्टरच्या पिना, इंजिनाचे बुश, पंपाचे शाफ्ट, जे येईल ते आम्ही करून द्यायचो.

अडचण एकच होती. लेथला तीन फेज लागायचे. खांबावरून आमच्या बोर्डावर तीन तारा यायच्या, तीन तारांना तीन फ्यूज, सगळं रीतसर. आणि खांबाखालच्या पाटीवर तेलुगूत 'प्रमादम्', म्हणजे धोका, असं लिहिलेलं, खाली कवटी काढलेली, म्हणजे सरकारनं आपलं काम चोख केलेलं. पण प्रत्यक्षात दोनच फेज यायचे. तिसरा पाहुण्यासारखा, आला तर आला. आमच्या आळीतली सगळी घरं त्याच तिसऱ्या तारेवर लटकलेली होती. जरा जोर पडला की खांबावर तिचा जोड जळायचा आणि आळी अंधारात.

यावर बानं जे केलं, ते पुढं एका आयटीआय शिकलेल्या माणसानं पाहिलं तेव्हा तो म्हणाला, याला फेज कन्व्हर्टर म्हणतात. आम्ही तिला म्हैस म्हणायचो. म्हैस म्हणजे जिनिंगमधून भंगारात निघालेली दहा हॉर्सपॉवरची काळी मोटर. तिला काही काम द्यायचं नाही, नुसती फिरवत ठेवायची. शाफ्टला दोरी गुंडाळायची, जोरात ओढायची, आणि ती फिरता फिरता स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. दोन फेजवर ती एकदा गरगरायला लागली की तिसरा फेज तिच्या पोटातच तयार व्हायचा, आणि मग लेथ सुखानं चालायचा.

बा हे शास्त्र गिऱ्हाइकांना फार थोडक्यात समजावून सांगायचा. "आपली म्हैस दोन तारा खाते आन् तिसऱ्या तारेत शेण टाकते. ते शेण गोठ्यातच राह्यलं पायजे. खांबावर गेलं तं माणूस मरते."

खरंच मरतो. तिसरी तार खांबावर तुटलेली, म्हणून लाइनमन तिला मेलेली समजून हात लावणार. आणि आमच्या बोर्डावर तिसरा फ्यूज तसाच असेल, तर म्हशीनं केलेला करंट त्याच तारेतून उलटा चालत खांबापर्यंत जाणार. म्हणून नियम असा, की म्हैस चालू करायच्या आधी तिसरा फ्यूज उपसून खिशात टाकायचा. चूक होऊ नये म्हणून त्यालाच लाल ठिपका. खिशाला हात लाव, वजन लागलं तरच बटणाला हात लाव.

आमच्या लाइनमनची बाच्या या नियमावर इतकी श्रद्धा होती की त्यानं त्यात स्वतःची भर घातली होती. तो याच गावचा, बाचा लंगोटीयार. घरात आमच्यासारखंच बोलायचा, पण शाळा तेलुगूत झाल्यामुळं आकडे मात्र तेलुगूत मोजायचा. खांबावर चढायचं असलं की तो आधी आमच्या टिनाखाली यायचा, बाच्या खिशातून लाल फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, तुमची म्हैस आता माह्या खिशात." मग तो वर, आम्ही खाली, दोघांची कामं सुरू. गावभर वीज बंद करायची भानगड नाही. आता ऐकताना हा शुद्ध वेडेपणा वाटेल. तेव्हा आम्हाला तो शहाणपणाचा कळस वाटायचा.

मी मात्र विजेला पहिल्यापासून भ्यायचो. लग्न झालेला, अठ्ठावीस वर्षांचा बाप्या मी, पण म्हशीचे कंडेन्सर, ते अल्युमिनियमचे चकचकीत डबे, यांच्या बाजूनं जाताना धोतर नेसलेला नसतानाही सोगा सावरल्यासारखा चालायचो. ते डबे वीज बंद केल्यावरही चावतात. बा त्यांच्या दोन टोकांना पेचकस टेकवून त्यांचं विष काढायचा, तेव्हा फट्दिशी निळी ठिणगी पडायची. तो हसायचा. मी पाणी आणायला जायचो.

आता, तो घोळ झाला त्या दिवशी जे मला माहीत नव्हतं, ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो. एकट्यानं घाबरण्यापेक्षा सोबत बरी.

आठ दिवस आधी वावटळीत आमच्या घराकडं येणाऱ्या तारा तुटल्या होत्या. लाइनमननं त्या पुन्हा ओढल्या. ओढताना खांबावर दोन तारांची अदलाबदल झाली. दुसरीच्या जागी तिसरी, तिसरीच्या जागी दुसरी. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या आठवड्यात कधी नव्हे ते तिन्ही फेज जिवंत होते. एक गोष्ट तेवढी झाली. लेथ सुरू केला तर तो उलटा फिरायला लागला. दोन तारा बदलल्या की मोटर उलटी फिरते, हे लेथवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. मलाही होतं. मी ऐटीत लेथच्या मोटरीचं झाकण उघडलं, तिथं दोन तारा बदलल्या, लेथ सरळ. दोन मिनिटांचं काम. बा म्हणाला, "जमलं तुले." ती शाबासकी मी चार दिवस पुरवून खाल्ली.

लेथ का उलटा फिरला, हे मी विचारलं नाही. बानंही विचारलं नाही.

त्या दिवशी सकाळी बा डोळे तपासायला आदिलाबादला गेला. अकराच्या सुमाराला आळीतला करंट गेला. थोड्या वेळानं लाइनमन मोपेडवरून आला, बांबूची शिडी खांद्यावर आडवी, तिचं एक टोक पुढं आणि एक मागं, रस्त्यावरची कुत्री दोन्हीकडून पळत होती.

"मिस्त्री कोठी?"

"डोळे दाखवाले गेले."

"मंग आज गोठ्याचा मालक तूच हायेस, लहान मिस्त्री." त्यानं मोपेडच्या स्टँडची झिजलेली पिन माझ्या हातात ठेवली. "तिसऱ्या तारेचा जोड जळला. मी वर जाऊन येतो, तवर तू ही पिन नवी करून ठेव. आन् म्हैस दे."

मी बोर्डावरून लाल ठिपक्याचा फ्यूज उपसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो खिशात टाकला, वरून दोनदा थापटला.

"झाली बांधून. चालव आता बिनघोर."

तो खांबाकडं गेला. खांब दीडशे पावलांवर, बुद्धविहाराच्या मागं, कापसाच्या शेताच्या कडेला. आमच्या टिनातून तो दिसत नाही. मध्ये विहाराची भिंत येते.

मी पिनेसाठी लोखंडाचा तुकडा लेथला लावला आणि म्हशीकडं वळलो. दोरी गुंडाळली. एका हातात दोरी, दुसऱ्या हाताचा अंगठा हिरव्या बटणावर. ओढली आणि दाबलं.

म्हैस गरगरली नाही. हुं एवढंच म्हणाली, आजारी जनावर म्हणतं तसं, दोन वेढे घेतले आणि थांबली. आमचा स्टार्टर पंपाचा होता. बटण दाबलं की एरवी आतून धरून ठेवतो. आज त्यानं धरलंही नाही. अंगठा काढला की बटण बाहेर.

समोरच्या घरातून आवाज आला, "आला वं करंट." ही मावशी. आईची मैत्रीण, एकटी राहायची, आणि करंट आल्याची द्वाही आळीभर फिरवायची जबाबदारी तिनं स्वखुशीनं घेतली होती. त्यासाठी ती मधल्या अंधाऱ्या खोलीतल्या बल्बचं बटण कायम चालूच ठेवायची. लगेच ती म्हणाली, "गेला मायबाई."

मी तिकडं लक्ष दिलं नाही. माझ्या समोर एक बंद म्हैस होती आणि बा घरी नव्हता.

पहिला संशय कंडेन्सरवर. म्हणजे नेमकं ज्याला भ्यायचो त्यालाच हात लावायची वेळ. मी पेचकस घेतला, मूठ कोरड्या फडक्यात गुंडाळली, तोंड भिंतीकडं केलं आणि टोकांना टेकवला. ठिणगी पडली ती इतकी बारीक, की मला डब्याचा अपमान झाल्यासारखं वाटलं. म्हणजे कंडेन्सर मेला, असा मी निकाल दिला. फळीवरचा जुना डबा काढला, तारा जोडल्या, पाय सुक्या लाकडावर ठेवले. दोरी, अंगठा, ओढ, दाब.

हुं. तीन वेढे. बंद.

"आला," मावशी म्हणाली. आणि मग, "गेला. काय लपाछपी खेळून राह्यला हा."

दुसरा संशय बेअरिंगवर. हातानं शाफ्ट फिरवून पाहिला, लोण्यासारखा फिरला. लेथचा पट्टा काढून टाकला, न जाणो त्याचं ओझं होत असेल. तिसऱ्यांदा ओढली. हुं. आता माझ्या कानशिलावरून घाम वाहत होता आणि त्यात उकाड्याचा वाटा थोडाच होता. मोटर आतून जळाली असेल तर बाला काय सांगायचं, एवढीच भीती त्या वेळी माझ्या डोक्यात होती. किती चुकीच्या ठिकाणी घाबरत होतो मी. भीतीचा सगळा साठा मी मोटरीवर उधळत होतो, आणि दीडशे पावलांवर तिची खरी गरज होती.

मग मला टेस्ट लॅम्प आठवला. दोन बल्ब एकापुढं एक जोडलेले. बोर्डावरच्या उरलेल्या दोन फ्यूजांना त्याची टोकं टेकवली. बल्ब लागले, पण मरगळलेले, पिवळट. इथं मी शहाणा असतो तर थांबलो असतो. दोन जिवंत फेजांमध्ये ते बल्ब डोळे दिपवतात. पण आमच्या भागात पिवळट बल्ब ही काय बातमी होती? व्होल्टेज कमी आहे, दुसरं काय. कमी व्होल्टेजला उपाय म्हणजे बटण जास्त वेळ दाबून धरणं. म्हैस हळूहळू उठेल.

चौथ्यांदा दोरी ओढली आणि अंगठा बटणावर रोवला. मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन. म्हैस हुंकारत होती. चार, पाच. जरा फिरतेय असं वाटलं. सहा, सात.

मावशी दारात आली. हातात सूप, चेहऱ्यावर आनंद.

"तसाच दाबून धर बापू," ती म्हणाली. "तू दाबलं की माह्या घरचा बलब लागते. मस्त लागला आता. सोडू नको."

आठ. नऊ.

आणि मग मी हिशेब लावला. मावशीचं घर तिसऱ्या तारेवर. तिसरी तार मेलेली. मेलेल्या तारेवरचा बल्ब माझ्या अंगठ्यानं लागतोय. म्हणजे माझा अंगठा तिसऱ्या तारेत आहे. आणि त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला शिडी लावून एक माणूस आहे, ज्यानं माझ्यावर विश्वास ठेवून खिसा थापटला होता.

अंगठा सुटला की नाही आठवत नाही. बोर्डावरचे दोन्ही फ्यूज उपसलेले आठवतात, एकेका मुठीत एकेक. मग मी पळत होतो. पायात काही नव्हतं. मागून मावशी ओरडत होती, "काऊन पळून राह्यला बे? बलब गेला ना." हातपंपाला वळसा घातला, विहाराची भिंत आली, आणि ती भिंत त्या दिवशी संपेचना. मी त्या भिंतीला देवाशप्पथ विनवणी केली असती, पण आमच्यात देवाशप्पथ चालत नाही, म्हणून नुसताच धापत राहिलो. एकच गोष्ट डोळ्यांसमोर होती. एकदा भैंशाला तारेवर चिकटलेलं माकड पाहिलं होतं. ते पडत नाही. तसंच राहतं.

भिंत संपली. खांब दिसला. खांबाला शिडी टेकलेली. खाली मोपेड. मोपेडशेजारी दोन चपला, जोडीनं नीट ठेवलेल्या.

वर कोणी नव्हतं.

कोणी नसणं हे चांगलं की वाईट, हे ठरवायला मला जितका वेळ लागला तितक्यात मी म्हातारा झालो. जमिनीवरही कोणी नव्हतं. शिडीच्या पायथ्याशी पक्कड पडली होती. कापूस फुटलेला होता, झाडं कमरेएवढी, एकही पान हलत नव्हतं. हाकेला उत्तर मिळालं नाही तर काय, म्हणून मी हाक मारली नाही.

मग कापसात कोणीतरी खोकलं.

तो कापसाच्या चौथ्या ओळीत बसला होता, पाय पसरून. शर्ट पुढून फाटलेला, छातीवर शिडीच्या पायऱ्यांनी ओढलेले लाल पट्टे. उजवा हात मांडीवर असा ठेवलेला, जणू दुसऱ्याचा हात सांभाळायला घेतलाय. मागच्या बाजूला, बोटांच्या सांध्यावर, ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग. डाव्या मुठीत लाल फ्यूज. तो त्याच्याकडंच पाहत होता.

"काका," मी म्हणालो.

त्यानं वर पाहिलं नाही. "हे पाह्य," तो म्हणाला. "हे माह्यापाशी हाये."

"हो."

"मंग तिकून कोण आला?"

"मी," मी म्हणालो, आणि त्याच्यासमोर मातीत बसलो.

"तू कसा आला? तुले तं मी खिशात घालून आणलं होतं."

मी दोन्ही मुठी उघडल्या. एकेक पांढरा फ्यूज. तिन्ही आता कापसात होते, आणि आम्ही दोघं त्यांच्याकडं पाहत बसलो. मग त्यानं विचारलं, "कितीदा दाबलं?"

"चारदा."

तो मोजायला लागला. इतक्या हलक्या आवाजात, की मला वाकावं लागलं.

"ओकटी. मी मोपेडपाशी पाणी पिऊन राह्यलो होतो." त्यानं फ्यूज मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताचं एक बोट दुमडलं. "रेंडू. तिसऱ्या पायरीवर असन. मूडू." इथं तो थांबला. "मूडूले मी वर होतो. दुपट्ट्यानं कंबर खांबाले बांधून राह्यलो होतो. ती तार इथं होती." त्यानं आपल्या कानाजवळ वीतभर अंतर दाखवलं. "डास गुणगुणल्यावानी वाटलं. म्या म्हटलं, डास."

चौथं बोट त्यानं दुमडलं नाही. उजव्या हाताकडं नुसतं पाहिलं.

त्याची एक जुनी सवय होती. लाल फ्यूज खिशात असो की नसो, तारेला पहिला स्पर्श तो उलट्या हातानं करायचा. तळहात लावला आणि करंट असला तर मूठ आवळते आणि माणूस तार सोडू शकत नाही. उलटा हात झटका खाऊन मागं फेकला जातो. बा त्याची यावरून थट्टा करायचा, नव्या नवरीच्या गालाला हात लावतोय म्हणून. त्या दिवशी तो हात फेकला गेला, बरोबर माणूसही. दुपट्टा सुटला, आणि तो शिडीवरून छाती घासत खाली आला.

"चवथ्या खेपेले किती वेळ दाबलं होतं?" त्यानं विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. "नवापर्यंत मोजलं," मी म्हणालो.

त्यानं आपला तळहात उलटा केला, पाहिला, पुन्हा पालथा केला. नवापर्यंत. तळहात असता तर त्या नऊ आकड्यांत तो तारेलाच असता, आणि मी खाली म्हैस उठायची वाट पाहत असतो. मावशी म्हणत असती, मस्त लागला, सोडू नको.

तो एकदम हसला. मग त्याला उलटी झाली. मी त्याची पाठ धरून राहिलो.

उठायला जमल्यावर आम्ही खांबाखाली उभं राहून वर पाहिलं. एकेक तार बोटानं मागं मागं नेत आमच्या घरापर्यंत. त्यालाच आधी दिसलं.

"म्याच वढल्या होत्या ह्या," तो म्हणाला. "दुसरी तिसऱ्यावर गेली. मेलेली तार तुमच्या मधल्या फ्यूजावर आली, आन् मी जिती तार खिशात घालून फिरून राह्यलो."

मग मला लेथ आठवला, उलटा फिरलेला. मी सांगितलं. त्यानं खाली पडलेली पक्कड उचलली आणि पुसायला लागला. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी त्यानं सगळ्या गावाची वीज बंद केली, डाव्या हातानं जोड लावला आणि पिन न घेताच गेला.

चारच्या बसनं बा आला. डॉक्टरनं डोळ्यांत थेंब टाकलेले, काळा चष्मा, समोरचं सगळं धुरकट. मी उंबऱ्यावरच सगळं सांगून टाकलं, चारही वेळा, नवापर्यंत. तो ऐकत बोर्डाकडं गेला. दिसत नव्हतं म्हणून त्यानं बोटं फिरवली. तीन खाचा, तिन्ही रिकाम्या. तिथून तो लेथकडं गेला आणि मोटरीच्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"यानं आपल्याले आठ दिवस आधीच सांगतलं होतं," तो म्हणाला. "उलटा फिरून सांगतलं. आन् तू त्याचं तोंड सरळ केलं. आन् मी तुले जमलं म्हटलं."

मग त्यानं लाल फ्यूज मागितला, खुर्चीवर बसला आणि कानसीनं ठिपका घासायला लागला. दिसत नव्हतं, म्हणून मध्ये मध्ये अंगठ्यानं चाचपायचा. ठिपका केव्हाच गेला होता. मी सांगितलं, तरी घासत राहिला.

तेव्हापासून नियम बदलला. म्हैस चालवायची तर आधी टेस्ट लॅम्पनं मेलेली तार शोधायची, आणि जी मेली तिचाच फ्यूज खिशात. लाइनमन खांबावर असला तर मात्र म्हैस बंद, लेथ बंद, तिन्ही फ्यूज बाहेर. हा बाचा नियम. लाइनमननं यातही स्वतःची भर घातली. आठ दिवसांनी पुन्हा जोड जळला, तेव्हा तो टिनाखाली आला, उजव्या हातावरचा डाग आता तपकिरी झाला होता, आणि त्यानं फ्यूज मागितला नाही. म्हणाला, "लहान मिस्त्री, तू चल."

त्याची बदली होईपर्यंत मग हेच चाललं. तो शिडीवर. मी खांबाच्या पायथ्याशी, ओंजळीत तीन फ्यूज. विहाराच्या कोपऱ्यावर माझी बायको, आणि दीडशे पावलांवर दारात मावशी, नजर आत बल्बवर.

"किती हायेत?" तो वरून विचारायचा.

"तीन."

"मोज."

"ओकटी, रेंडू, मूडू."

"वर कर."

मी ओंजळ डोक्यावर धरायचो. तो एकेक फ्यूज डोळ्यांनी मोजून घ्यायचा, मग बायकोकडं मान करायचा. बायको मावशीला हाक द्यायची. मग आळीच्या त्या टोकाकडून मावशीचा आवाज यायचा, जबाबदारीनं जड झालेला, "नाई लागला."

तेवढं झाल्यावर तो हात उलटा करायचा आणि तारेकडं न्यायचा. बोर्ड रिकामा होता, तिन्ही फ्यूज माझ्या हातात होते, म्हैस झोपलेली होती, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी दर वेळी डोळे मिटून घ्यायचो, आणि वरून पकडीचा आवाज येईपर्यंत उघडायचो नाही.